चिखलदऱ्यातला तो ‘बर्फ’ म्हणजे गोठलेलं दव

थंडीची लाट आली की मेळघाटातल्या पांढऱ्याशुभ्र गवताचा व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. खाली मजकूर: ‘सातपुड्यानं ढग अडवले, चिखलदऱ्यात बर्फ पडला.’ यातली थंडी तेवढी खरी.

आधी आभाळ पाहा. बर्फ पडायला ढग लागतात. या पहाटे निरभ्र असतात, वारा पडलेला असतो. अशा रात्री जमिनीची ऊब थेट वर निघून जाते आणि गवताचं पातं हवेपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त गार होतं. म्हणून सव्वा मीटर उंचीवरचा तापमापक ३ अंश दाखवत असतानाही पात्यावर दव गोठतं. पडलेला बर्फ कौलांवर, शेंड्यांवर, रस्त्यावर सगळीकडे बसतो. हे पांढरं मात्र उघड्यावरच्या गवतावर, कुटारावर, गाडीच्या टपावर दिसतं; दाट झाडाखाली वाकून पाहा, तिथं नसतं.

‘पहाड ओल अडवतो’ हे पावसाळ्यात खरं आहे. समुद्रावरची ओली हवा सातपुडा चढताना गार होते, म्हणून चिखलदऱ्याला पायथ्यापेक्षा खूप जास्त पाऊस. हिवाळ्यातला वारा जमिनीवरून येतो, कोरडा. हिशेबच करा: दुपारी तापमान २८, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) ८, फरक २० अंशांचा. दर अंशामागे हवा साधारण १२५ मीटर चढली तर ढग धरतो. म्हणजे २,५०० मीटर. पायथ्याचं अचलपूर ते चिखलदरा चढ आहे साडेसातशेच्या आसपास!

हिवाळ्यात कधी ढग येतातही. पण ढगांच्या पांघरुणाखाली रात्र उबदार होते, आणि आपल्याकडे शून्य अंशाची पातळी तेव्हा साधारण ४ किलोमीटरवर असते. चिखलदरा ११०० मीटरवर. वरचा हिमकण वाटेतच वितळतो, खाली पाऊस पडतो. गारा जड असतात, वेगानं येतात, म्हणून न वितळता पोचतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वावरं पांढरी झाली ती गारांनी.

नुसती उंचीही पुरत नाही. गुलमर्गला २,६५० मीटर उंचीला पश्चिमी झंझावातांची, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेची, ओल मिळते. लेह ३,५०० मीटरवर, पण पर्वतांच्या आड. तिथं वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास.

दव गोठलं, तर पुढची निरभ्र रात्रही धोक्याची समजा. फुलोऱ्यातली तूर, हरभरा, टमाटे करपतात. गार हवा जड, ती उतारानं वाहत नाल्याकाठच्या वावरात साचते; टेकाडावरचं पीक वाचतं. संध्याकाळी हलकं ओलीत करा, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते. पाणी कमी असेल तर आधी खोलगट भागाला द्या.