सहा गाद्यांचा रसिक

विद्यापीठाच्या आवारात संगीताचा कार्यक्रम, प्रवेश विनामूल्य, सहकुटुंब यावे. यातला धोका शेवटच्या दोन शब्दांत असतो. एकटा जातो तो रसिक. सहकुटुंब जातो तो हमाल. स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, आईची पाठीमागे घ्यायची उशी, चिरंजीवांचं चित्रकलेचं सामान, असा संसार काखोटीला मारून मी वाहनतळावरून निघालो. सभागृह कुठे? जिकडेतिकडे बाणांच्या पाट्या, आणि शेवटचा बाण थेट ग्रंथालयाच्या भिंतीत. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला स्वयंसेवक दिसला. "काका, मी फर्स्ट इयरला आहे," तो नम्रपणे म्हणाला, "मीपण तेच शोधतोय."

तिकीट काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. फुकटात ती सोय नाही. खुर्च्यांना नंबरही नसतात, त्यामुळे एका बाईंनी एकाच ओढणीत चार खुर्च्या बांधून ठेवल्या होत्या. आम्ही मागे, खिडकीपाशी.

बाहेर मुलांना वाद्यं हाताळू देणारं टेबल होतं. ट्रम्पेटमध्ये नुसती फुंकर घालून काही होत नाही. ओठ मिटून ते थरथरवावे लागतात, सूर तिथून निघतो. विद्यार्थिनीने हे इतकं छान शिकवलं, की ट्रम्पेट परत दिल्यावरही चिरंजीव ओठांनी तालीम करतच आत आले.

'दोनच शब्द बोलतो' म्हणणाऱ्यांची भाषणं झाली. मग तंबोरे लागले. गायिकाबाई दोन शब्द बोलल्या, पुन्हा कान लावून बसल्या. मी आईला समजावलं, की रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात.

"घरूनच लावून आणायचे ना," आई म्हणाली. "आणि ती खिडकी लाव. वारं लागतंय."

आता खिडकीचं सांगायलाच हवं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक नवं सभागृह इतकं घुमत होतं, की उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. म्हणजे प्राध्यापक तिसऱ्या वाक्यावर आणि पहिलं वाक्य अजून भिंतींवर आपटतंय. वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाला ते दुरुस्त करायला सांगितलं. हा गृहस्थ रात्री-रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणायचा, आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. आवाज शोषण्यात सर्वांत तरबेज काय, तर उघडी खिडकी. गेलेला आवाज परत येतच नाही. आणि माणूस? एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो. पुढे बॉस्टनचं सिम्फनी हॉल याच अभ्यासाच्या आधारे बांधलं, ते १९०० मध्ये उघडलं.

हे कळल्यापासून विनामूल्य प्रवेशामागचं औदार्य मला संशयास्पद वाटतं. आम्ही कलेसाठी आलोय असा आमचा समज. संयोजकांच्या हिशेबी मी, सौ. आणि आई म्हणजे भिंतीकडच्या अठरा गाद्या. शेजारचे आजोबा पहिल्या आलापातच गाढ झोपले. गादी म्हणून त्यांच्यात काडीचीही उणीव नव्हती. चिरंजीवांना मात्र मी अठरात धरलेलं नाही. ते शोषणाऱ्यांत बसत नाहीत.

खिडकी लावली. बाईंनी मंद्र सप्तकात षड्जावर सूर लावला, सभागृह श्वास रोखून बसलं, आणि त्या शांततेत चिरंजीवांनी ओठ मिटून मनापासून तान घेतली.

"फुर्रर्रर्र!"

आवाज छतापर्यंत गेला. सगळ्या माना वळल्या. आजोबा दचकून "वाहवा!" म्हणाले. सौ. पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. गायिकाबाईंनी डोळे उघडले, तंबोऱ्यावरचा हात थांबला.

"मागचे ट्रम्पेटवाले," त्या हसून माइकवर म्हणाल्या, "त्यांना जरा पुढे पाठवा."

मी खुर्चीत शक्य तितका आत गेलो. आई केव्हाच उठली होती, उशी काखेत.

"चला रे," ती म्हणाली, "पुढे जागा मिळतेय."