लाइट बिल ऑटो-पेवर टाकू नका

घरातली कुठली बिलं ऑटो-पेवर टाकावीत? कसोटी एकच. आकडा आधीच ठरलेला आहे, की कुणीतरी मीटर बघून काढणार आहे? कर्जाचा हप्ता, टर्म इन्शुरन्सचा प्रीमियम बिनधास्त टाका, ते चुकणं महागात पडतं. क्रेडिट कार्डही टाका, पण 'टोटल ड्यू' निवडून. 'मिनिमम'वर ठेवलंत तर उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं आणि पैसे गेल्याचा मेसेज बघून आपण निवांत!

लाइट बिल मात्र हातानंच भरा. महावितरणचं बिल आलं की रकमेआधी चालू रीडिंग आणि मागील रीडिंग बघा, आणि ते मीटरशी ताडून पाहा. आकड्याच्या जागी 'लॉक' किंवा 'फॉल्टी' दिसलं तर बिल सरासरीचं आहे, म्हणजे रीडिंग न घेता मागच्या वापरावरून अंदाजानं काढलेलं. खरा घोळ पुढे होतो. समजा दोन महिने सरासरी लागली आणि तिसऱ्या महिन्यात तिन्ही महिन्यांचे 270 युनिट एकदम आले. एका महिन्याचे धरले तर 170 युनिट 101 ते 300 च्या महाग स्लॅबमध्ये जातात. तीन महिन्यांत वाटले तर दरमहा 90, म्हणजे सगळे पहिल्याच स्लॅबमध्ये. आधी भरलेली सरासरी वजा झाली का, हेही त्याच बिलात तपासायचं.

हे सगळं पैसे जाण्याआधी केलेलं बरं. वीज कायदा 2003 चं कलम 56 सांगतं की वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ऑटो-पेनं पूर्ण रक्कम कापून नेली की हा पर्याय संपला. मग पुढच्या बिलात वळती होण्याची वाट बघा.

पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, पण तो कोण वाचतं? शिवाय 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपीही लागत नाही.

तरीही ऑटो-पेच हवं असेल तर मॅन्डेटची, म्हणजे पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीची, कमाल रक्कम स्वतः टाका. बिल 1,800 च्या आसपास येत असेल तर 2,500. त्यावर गेलं की पेमेंट अडकेल आणि तुम्ही बिल उघडून बघाल.

भाड्यानं राहणाऱ्यांनी घर सोडताना यूपीआय अ‍ॅपमधलं मॅन्डेट आठवणीनं रद्द करा. ते ग्राहक क्रमांकाला जोडलेलं असतं, तुमच्या पत्त्याला नाही.