एवढं घेतोच आहेस तर

दिवाळीचा बोनस आला आणि मी घरात जाहीर केलं, की यंदा मी गेमिंग कॉम्प्युटर बांधणार. 'बांधणार' हा शब्द भाच्याचा. आमच्या वेळी घर बांधायचे, पुडी बांधायचे, फार तर मुंडावळ्या बांधायचे. कॉम्प्युटर 'असेंबल' करून घ्यायचा. अख्ख्या वाड्यात तो करून देणारा एकच माणूस असायचा. तो जे आणेल ते घ्यायचं आणि वर त्याला पोहे द्यायचे. त्या ६४ एमबी रॅमवर मी मोटरसायकलवरून शेजारच्याला लाथा मारायचा खेळ दोन वर्षं खेळलो, आणि त्यात कुठेही काही कमी पडतंय असं मला वाटलं नव्हतं.

"कुठला खेळ खेळणारेस?" बायकोने विचारलं.

"ट्रक चालवायचा."

ती काही बोलली नाही. मी समजावून सांगितलं, की युरोपातल्या रस्त्यांवरून माल पोचवायचा असतो, रस्ते मोकळे असतात, लोक लेन पाळतात. वय ४६, रोज कोथरूडहून कर्वे रस्त्याने जाणं-येणं, गाडीचा चौथा गिअर मी शेवटचा कधी टाकला ते आठवत नाही. अशा माणसाने दुसरी कुठली स्वप्नं बघायची?

"ट्रकच चालवायचा तर चांदणी चौकात जाऊन उभा राहा," ती म्हणाली. "कोणीही किल्ली देईल."

बजेट ठरलं ६५,००० रुपये. मॉनिटर घरातला. हे पासष्ट हजार फार वाईट. ज्याच्याकडे तीस हजार आहेत त्याला दुकानदार जे देईल ते घ्यावं लागतं. ज्याच्याकडे दोन लाख आहेत तो सगळ्यात महागातलं सांगतो आणि समोरच्याचा चहा पितो. मधल्या माणसाच्या मात्र प्रत्येक हजारावर चार वस्तूंचा डोळा असतो. प्रोसेसरवर खर्च केला तर ग्राफिक्स कार्ड रुसतं, कार्डावर केला तर सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस तोंड फिरवतो. भाचा याला 'बॉटलनेक' म्हणतो. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सल्लागार म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. मी कुठलाही पार्ट सांगितला की तो आधी श्वास आत घ्यायचा, मग म्हणायचा, "चालेल मामा. पण एवढं घेतोच आहेस तर तीन हजार अजून घाल ना."

हे तीन हजार दर पार्टमागे होते. पार्ट सात.

सुरुवात प्रोसेसरपासून. एएमडीचा रायझन ५ ५६०० घ्यायचा, इथवर एकमत. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, मध्यमवर्गीय आणि निर्व्यसनी. पण त्याच घरात ५६००एक्स आहे, ५६००जी आहे, ५६००जीटी आहे. सदाशिव पेठेत दारावरच्या पाट्यांवर नावापुढे पदव्या लावतात तसंच हे, फक्त इथे पदवीचा अर्थ विचारल्याशिवाय कळत नाही. 'जी' म्हणजे पोटात ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड नसलं तरी पडद्यावर चित्र दिसेल. साध्या ५६०० मध्ये ते नाही. इंटेलवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या आय५ १२४०० पुढे 'एफ' लागला की आपल्याला वाटतं काहीतरी जादा मिळालं. प्रत्यक्षात एफ म्हणजे ग्राफिक्स काढून घेतलं. वजाबाकीलाही पदवी देणारी ही पहिलीच जमात मी पाहिली.

"पण मामा, हा बसतो ती खाच, म्हणजे सॉकेट, एएम४ आहे. २०१७ पासून त्यात रायझन बसतायत. आता एएम५ आलाय, २०२२ पासून. पुढे अपग्रेड करता येईल."

"मी पुढे अपग्रेड करेन असं तुला वाटतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाल्कनीत उभ्या असलेल्या माझ्या २००९ च्या सायकलकडे पाहिलं. एएम४ कायम झाला.

ग्राफिक्स कार्डावर मात्र तीन रविवार गेले. आरटीएक्स ५०६० मध्ये कार्डाची स्वतःची मेमरी आठ जीबी. आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड आठ जीबीतही मिळतं आणि सोळा जीबीतही, नाव तेच. म्हणजे दुकानात नुसतं नाव सांगितलं तर तुमच्या हातात कुठलं पडेल हे तुमच्या नशिबावर. भाचा सोळाच्या बाजूचा होता. आठ जीबी म्हणजे उद्या-परवा अंगाला अपुरं होणारं झबलं, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं, की ट्रकला किती लागतं? त्याने शोधलं, आणि त्याचा चेहरा पडला. माझा ट्रक दहा वर्षांपूर्वीच्या कार्डावरही आरामात चालत होता.

"मामा, हे कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच. शेवटी मी आठ जीबीचं ५०६० ठरवलं, कारण सोळाचं बजेटमध्ये बसवायला कॅबिनेट सोडून द्यावं लागलं असतं.

एसएमपीएस ही वस्तू घराच्या पायासारखी. दिसत नाही, कोणी कौतुक करत नाही आणि तिथेच पैसे वाचवायचा मोह होतो. मी बेरीज केली. कार्ड १४५ वॉट, प्रोसेसर ६५, झाले २१०. पंखे, ड्राइव्ह वगैरे धरून तीनशे. मग साडेपाचशेचा कशाला? कार्ड बनवणारी कंपनीच ५५० चा सांगते, कारण कार्ड मध्येच क्षणभर उसळी मारतं, आणि एसएमपीएसने शंभर टक्क्यांवर धापा टाकत जगू नये. हे मला पटलं. लग्नात जेवणाची पानं आपण अशीच धरतो. पण ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम हे काय? लक्ष्मी रस्त्यावर वाढलेल्या माणसाला गोल्ड म्हटलं की आधी घट किती धरणार असं विचारावंसं वाटतं. इथे घट खरोखरच असते. भिंतीतून ओढलेल्या विजेतली किती उष्णता होऊन वाया जाते, त्यावरून हे धातू ठरतात. आम्ही ब्रॉन्झवर थांबलो. घरात गोल्ड यायचं असेल तर ते वेगळं यावं, असं बायकोने सुचवलं होतं.

या सगळ्यात एक्सेलची शीट अकराव्या आवृत्तीला पोचली आणि नोव्हेंबर सरत आला. मी प्रत्येक पार्टचा भाव, वॉरंटी, बिलाचा अठरा टक्के जीएसटी, सगळं रंगीत केलं होतं. एकाच रकान्याकडे माझं लक्ष नव्हतं, कारण तिथे काळजीचं काही नव्हतंच. रॅम. सोळा जीबी डीडीआर४, आठच्या दोन पट्ट्या, साडेतीन हजार. जेवणातलं मीठ.

मंडळी, मीठ महागलं.

शनिवारी आनंदनगरहून मेट्रो धरून, सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरलो आणि चालत तपकीर गल्लीत शिरलो. वायरची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, स्पीकर, सीसीटीव्ही, आणि या सगळ्यातून वाट काढणारी एक हातगाडी, तिच्यावर फ्रीज. जिना चढून दुकान. काउंटरवरचा मुलगा भाच्याच्याच वयाचा.

"बोला काका."

हा 'काका' गेमिंगसाठी आलेल्या माणसाला फार लागतो. मी शीट पुढे केली. त्याने बोट फिरवत कोटेशन सांगायला सुरुवात केली. प्रोसेसर बॉक्सवाला की ट्रे? ट्रे म्हणजे खोक्याशिवाय, कूलरशिवाय, थोडा स्वस्त. बॉक्सवाला, मी ठामपणे म्हणालो, अकराव्या आवृत्तीत लिहिलं होतं. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस कॉम्बोत देऊ? नको. ठीक. मग तो रॅमपाशी आला आणि त्याने कोणाला तरी फोन लावला.

"आजचा काय निघालाय?" त्याने फोनमध्ये विचारलं.

आजचा! मी मागे वळून पाहिलं, चुकून सराफाच्या पेढीवर तर नाही ना चढलो.

"साडेसात," तो म्हणाला. "आत्ताचा आहे. संध्याकाळी वेगळा असेल."

"अहो, दिवाळीत साडेतीन होता."

"दिवाळीत घ्यायचा होता मग."

त्याचं बरोबर होतं. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीत जास्त पैसे दिसल्यावर त्यांनी कारखान्यांचं तोंड तिकडे वळवलं. डीडीआर४ ही जुनी पिढी तर तशीही निवृत्तीला आली होती, तिचं उत्पादन आटत चाललं होतं. म्हणजे मी तीन रविवार आठ की सोळा यावर वाद घालत होतो, तेव्हा पलीकडे कुठलं तरी यंत्र माझी रॅम खाऊन कोणाला तरी कविता लिहून देत होतं. २०२१ मध्ये मी कार्ड घ्यायला निघालो तर क्रिप्टो खणणाऱ्यांनी बाजार रिकामा केला होता. मी खरेदीला निघालो की जगात काहीतरी नवं तंत्रज्ञान येतं, हे सरकारने ध्यानात घ्यावं.

"मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारू का?" मी उगाच म्हणालो.

"विचारा. तोवर आठ होईल."

मी साडेसातला घेतली. एक सोडून सगळी खोकी मिळाली. कॅबिनेट मला साधं, काळं, बंद हवं होतं. ते मुंबईहून मागवावं लागेल म्हणे. समोर होतं ते काचेचं, चार रंगीत पंख्यांचं, आणि साध्यापेक्षा स्वस्त. एकूण ७४,२०० झाले. खाली रिक्षावाल्याने खोक्यांकडे पाहून विचारलं, "एसएमपीएस लोकल तर नाही ना घेतला साहेब?" शहरभर ज्ञान असं वाहत असतं आणि मी ते तीन रविवार घरात बसून खणत होतो.

बांधकाम जेवणाच्या टेबलावर. भाच्याने आधी मला कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायला लावला, अंगातली स्टॅटिक जाण्यासाठी. प्रोसेसर हलकेच ठेवायचा, दाबायचा नाही, हे माहीत असूनही मी श्वास धरला. रॅम मात्र दाबायची, चांगली, 'टक्' होईपर्यंत, आणि तीही शेजारशेजारच्या नव्हे, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. साडेसात हजारांवर अंगठ्याने जोर देताना काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत. मग हे सगळं ज्यावर बसवलं तो मदरबोर्ड आत ठेवून नऊ स्क्रू पिळले, आणि आईने टेबलावरून एक पत्र्याची पट्टी उचलून विचारलं, "हे कशाचं राहिलं?"

ती मागच्या खिडकीची आयओ शील्ड होती. ती बोर्डाच्या आधी लावतात. नऊ स्क्रू काढले.

रात्री अकराला बटण दाबलं. पंखे फिरले, चारी पंखे गणपतीच्या आराशीसारखे उजळले, आणि मॉनिटर काळा. दोन तास आम्ही रॅम काढली, घातली, प्रोसेसरची आठ पिनांची वायर तपासली, एकमेकांना दोष दिला. भाचा म्हणाला बोर्ड मेला. मी मनातल्या मनात बिल शोधलं. शेवटी तो मागे वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"मामा, एचडीएमआय तू बोर्डात खोचलीस."

कार्डात खोचायची होती. ५६०० च्या पोटात ग्राफिक्स नाही, 'जी' नाही, हे मी स्वतः अकरा आवृत्त्यांत लिहिलं होतं.

आता कॅबिनेट एका जुन्या पाटावर ठेवलंय, फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून. पाटावर बसवलंय आणि उजळलंय म्हणून कामाच्या बाई पहिल्या दिवशी त्याला नमस्कार करून गेल्या. रात्री सगळे झोपले की मी ट्रक काढतो. काल जर्मनीत कुठेतरी पाऊस होता, काचेवरचा एकेक थेंब वेगळा दिसत होता. त्या थेंबांचेच माझ्या हिशेबाने नऊ हजार जास्त झालेत. आई पाणी प्यायला उठली होती, ती येऊन मागे उभी राहिली.

"वायपर लाव की."

लावला. पुढे चौकात सिग्नल लाल झाला. मी ट्रक थांबवला. चारी बाजूंनी रस्ता रिकामा, ना माणूस ना गाडी, नुसता पाऊस. मी थांबलो होतो. आईने जरा वेळ वाट पाहिली, मग वाकून पडद्याच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यात नीट निरखलं.

"मामा दिसत नाहीये कुठे," ती हळूच म्हणाली. "घाल पुढे."