चौदा युरो नव्याण्णव सेंटांची सहल

जर्मनीत नोकरी, घरात दोन मुलं आणि रात्री साडेअकराला अंथरुणात पडून फोनवर विमानाची तिकिटं चाळायची सवय, एवढं भांडवल तुमच्यापाशी असेल तर स्वस्तात युरोप बघण्यापासून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. १४.९९ युरोचं तिकीट दिसलं की आधी त्याला शंभराने गुणून रुपये करावेत आणि तो आकडा मोठ्याने म्हणावा. बायको झोपली असली तरी म्हणावा. चौघांचे मिळून साठ युरो, तेही चार सेंट कमी! कुठे जायचं हा प्रश्न यात येतच नाही. विमान जिथे जातं, तिथे तुम्हाला लहानपणापासून जायचंच होतं.

विमानतळाच्या नावात मोठ्या शहराचं नाव आहे एवढं पाहावं आणि नकाशा उघडू नये. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरवर आहे. फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून साधारण १२० किलोमीटरवर डोंगरात आहे आणि तिथे रेल्वे जात नाही. म्युनिकसाठी म्हणून जे मेमिंगन दाखवतात, ते ११० किलोमीटरवर. यातली गंमत अशी की सकाळी सहाच्या विमानासाठी बस आदल्या रात्रीच पकडावी लागते. म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचली. विमानतळावरच्या बाकांना मध्ये लोखंडी हात बसवलेले असतात. मुलं त्यांच्याखालून आरपार झोपतात, तुम्ही बसून राहा. बसचं जाण्यायेण्याचं भाडं विमानापेक्षा जास्त होतं, पण हिशेबाच्या वहीत बस 'किरकोळ' या रकान्यात लिहायची असते. तिकीट १४.९९चंच राहतं.

आता बॅग. हा विषय नीट समजून घ्या, कारण सगळी बचत इथेच जन्मते आणि इथेच मरते. रायनएअर आणि विझएअर या स्वस्त विमान कंपन्यांत सीटखाली फुकट न्यायची बॅग ४० × ३० × २० सेंटिमीटर, म्हणजे २४ लिटर. ईझीजेटमध्ये ४५ × ३६ × २०, म्हणजे ३२ लिटरांहून थोडी जास्त. शहाणा माणूस लहान मापाची बॅग घेऊन मोकळा होतो. तुम्ही मात्र जाताना ईझीजेट आणि येताना रायनएअर असं बुकिंग करा, कारण त्यात सहा युरो वाचतात. जाताना भरलेले ते आठ लिटर येताना कुठे जाणार, याचा विचार परतीच्या दाराशी, मागे रांग खोळंबलेली असताना करायचा असतो. चाकं आणि मूठ मापात धरतात. पुढचा खिसा रिकामा असेपर्यंतच बॅग वीस सेंटिमीटरची असते. त्यात मुलांच्या चपला कोंबल्या की चोवीसची होते. दारावर भरायची रक्कम आधी ऑनलाइन भरली असती त्यापेक्षा बरीच जास्त असते. म्हणून अनुभवी कुटुंबं जुलै महिन्यात हिवाळी जाकिटं घालून विमानात चढतात. चार खिशांच्या जाकिटात दोन चार्जर, एक टॉवेल, औषधं आणि साताऱ्याहून आलेली कोरडी शेंगदाण्याची चटणी सहज मावते.

चटणी कोरडीच हवी. लोणचं, तूप, श्रीखंड, दही हे सगळं सुरक्षा तपासणीच्या लेखी द्रवपदार्थांत मोडतं, त्यामुळे बहुतेक विमानतळांवर नेहमीचा १०० मिलिलिटरचा नियम लागतो. तूप थिजलेलं आहे हा युक्तिवाद तुम्ही कराल. जरूर करा. मागचे लोक घड्याळ बघतील आणि आईने कढवून पाठवलेलं तूप निळ्या पिंपात जाईल. मेतकूट, डाळीचं पीठ, दशम्या बिनधास्त न्या. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्या आणि आत गेल्यावर नळावर भरा.

जागेचं काय? चौघांना जागा शेजारी हव्यात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून नवखे आहात. रायनएअरमध्ये १२ वर्षांखालची मुलं सोबत असतील तर एका मोठ्या माणसाला जागेचे पैसे भरावेच लागतात. मुलांना शेजारची जागा मग फुकट मिळते. दुसरा मोठा माणूस संगणक बसवेल तिथे बसतो. २९व्या रांगेत, मधल्या सीटवर, दोन अनोळखी माणसांमध्ये मिळणारी ती दोन तासांची शांतता संसारात इतक्या स्वस्तात कुठे मिळत नाही. ती कोणाला मिळावी यावरून आदल्या रात्री भांडण झालं, तर ते बस पकडायच्या आधी मिटवावं.

कागदपत्रांना फार वेळ देऊ नये. भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचं निवास कार्ड असलं की शेंगेन गटातल्या युरोपीय देशांत १८० दिवसांतले ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. क्रोएशिया २०२३पासून त्यात आहे, रोमानिया आणि बल्गेरिया विमानाने २०२४पासून आणि रस्त्याने २०२५पासून. लंडन आणि डब्लिन त्यात नाहीत, आणि नेमकी सर्वांत स्वस्त तिकिटं तिथलीच दिसतात. घेऊन टाका! व्हिसाचं शुल्क तिकिटाच्या कितीतरी पट आहे आणि ते माणशी भरायचं असतं, हे समजेल तेव्हा तिकीट परत न होणारं असेल. मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो संपत आल्याचं निघायच्या आठवड्यात लक्षात यावं.

कार्डाचं नूतनीकरण चालू असेल तर परदेशी नागरिक कार्यालय घडीचा एक तात्पुरता दाखला देतं. त्यात तीन चौकटी असतात. तिसऱ्या चौकटीत फुली असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकटीत असेल तर त्या दाखल्यावर परत येता येत नाही. फुली कितव्या चौकटीत आहे हे घरीच पाहणारे लोक भित्रे असतात. तुम्ही ते लिस्बनच्या काउंटरवर पाहा. समोरच्या कर्मचाऱ्याला जर्मन येत नसतं, तुम्हाला पोर्तुगीज येत नसतं, आणि दाखला फक्त जर्मनमध्ये असतो.

तिकिटं स्वस्त केव्हा असतात? शाळेची सुट्टी लागायच्या आधीच्या बुधवारी. सुट्टी लागली की तेच तिकीट चौपट. म्हणजे तीन दिवस शाळा बुडवायची, एवढंच. आपल्याकडे मामाच्या लग्नासाठी आठ दिवस दांडी मारता येते आणि बाईंना पेढे दिले की विषय संपतो. जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि सुट्टीला जोडून घेतलेली रजा हा दंडाचा विषय आहे. २०१८मध्ये बव्हेरियातल्या पोलिसांनी मेमिंगनच्या विमानतळावर सुट्टीआधीच निघालेल्या कुटुंबांची चौकशी केली होती आणि त्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या. मेमिंगन म्हणजे तुमचं ते स्वस्तातलं म्युनिकच. मुलाला ताप आल्याचं कळवायचं ठरवलंत तर दोन गोष्टी लक्षात घ्या. सुट्टीला लागून आजारपण आलं की शाळा पहिल्या दिवसापासून डॉक्टरचा दाखला मागू शकते. आणि सात वर्षांचं मूल सुट्टीनंतरच्या पहिल्याच सकाळी सगळ्या वर्गाला गोल बसवून समुद्र कसा होता ते सांगतं.

विमान नको असेल तर डॉइचलँडटिकेट हा महिन्याचा पास आहेच. मे २०२३मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५मध्ये ५८ झालं, २०२६पासून ६३ आहे. यात देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस येतात, आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी येत नाही. हांबुर्गहून म्युनिकला आयसीई साधारण सहा तासांत नेते. तुम्ही प्रादेशिक गाड्या बदलत जवळजवळ दुप्पट वेळ घ्या. बदलायला सहा-सहा मिनिटं मिळतात, पहिली गाडी नऊ मिनिटं उशिरा येते, आणि बाळाची गाडी ढकलत सातव्या फलाटावर जायचं तर लिफ्ट बंद असते. सहा वर्षांखालची मुलं फुकट. सातव्या वर्षाच्या मुलाला तुमच्या तिकिटावर नेता येईल असं तुम्ही गृहीत धराल; येत नाही, त्याचं वेगळं तिकीट लागतं. याउलट महागड्या आयसीईत १४ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्या माणसासोबत फुकट असतात, फक्त बुकिंग करताना त्यांची संख्या भरावी लागते. म्हणजे दोन मुलं असतील तर तीन महिने आधी काढलेलं आयसीईचं सवलतीचं तिकीट कधीकधी स्वस्त पडतं. हे बायकोला सांगू नका. तिने ते जानेवारीतच सांगितलं होतं.

मुक्कामाला सुट्टीचं घर घ्या, स्वयंपाकघरासकट. यादीत रात्रीचं भाडं बघायचं आणि खाली सरकायचं नाही, कारण खाली शेवटच्या सफाईचे पैसे असतात. ते एक रात्र राहा नाहीतर सात रात्री, तेवढेच. चादरी-अभ्रे कुठे कुठे वेगळे. म्हणून एकेक रात्र तीन गावांत राहिलात तर सफाई तीनदा भराल, आणि तुम्हाला तीन गावं बघायचीच आहेत. घरून कुकर न्यावा. अॅल्युमिनियमचाच न्या, वजनाला हलका. शेगडी काचेची आहे एवढंच फोटोत दिसतं; ती साधी सिरॅमिक आहे की इंडक्शन, ते दिसत नाही. इंडक्शनवर अॅल्युमिनियम तापत नाही, कारण तळाला लोहचुंबक चिकटत नाही. सुट्टीभर भात न शिजणाऱ्या कुकरला तेवढ्यासाठी विमानातून फिरवून आणलं, असं होऊ नये म्हणून लोक घरमालकाला एका ओळीत विचारतात. आणि हिंगाची फोडणी द्याल तेव्हा खिडकी उघडा, हॉलचं दार बंद करा. धुराचा भोंगा वाजला तर तो छतावर असतो आणि स्टूल बाल्कनीत.

शेवटी कमाईबद्दल. युरोपच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार १५०० किलोमीटरपर्यंतचं विमान तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलं तर माणशी २५० युरो भरपाई मिळते. तिकीट १४.९९चं असलं तरी. चौघांचे हजार. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर मिळत नाही, विमान बिघडलं तर बहुतेक वेळा मिळते, त्यामुळे प्रार्थना करताना कारण स्पष्ट सांगावं. वेळ चाकं टेकल्याची धरत नाहीत, विमानाचं पहिलं दार उघडल्याची धरतात. युरोपच्या न्यायालयाने २०१४मध्ये तसं ठरवून दिलं आहे. दोन तास छप्पन्न मिनिटांनी विमान थांबलं तर शिडीवाला चार मिनिटं हळू येवो अशी इच्छा धरून जागेवर बसा, आणि दाराजवळ बसलेल्या थोरल्याला घड्याळाचा फोटो काढायला सांगून ठेवा. लघवीला जायचंय म्हणून धाकटा ओरडायला लागला तर त्याला गप्प करू नका. पण दार उघडा, असं कर्मचाऱ्यांना तुम्ही होऊन सांगू नका.