घरकुल आलं, गवंडी कुठाय?

आमच्या मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात घरकुलाची यादी लागली की लोक आधी गवंडी शोधायला पळतात. गावातले धड मिस्त्री एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही चार-चार कामं धरून बसलेले. मग तालुक्याहून ठेकेदार येतो आणि सांगेल तो भाव. पैसे कमी पडतात ते वेगळंच. पंतप्रधान आवासचा केंद्राचा मूळ दर सपाट भागाला १ लाख २० हजार, डोंगराळ राज्यांना १ लाख ३० हजार. बालाघाट कागदावर सपाट! वाळूचा ट्रॅक्टर घाट चढवणाऱ्या ड्रायव्हरला विचारा किती सपाट ते.

दगड आमच्याकडे पायलीला पन्नास. पण १९९३ नंतर दगडी भिंत म्हटलं की माणसं नको म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात किल्लारी भागात हजारो माणसं अशाच भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताखाली गेली. तरी दोष नुसता दगडाचा नव्हता. दोन-अडीच फुटी भिंत, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. वर गळती थांबवायला वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीचं ओझं. जमीन हलली तशी भिंत मधून फाटली आणि माळवद खाली आलं. ठरावीक अंतरावर आरपार दगड आणि दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर फिरणारा सळईचा पट्टा, एवढ्याने बराच फरक पडतो. पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना हे शिकवलंही होतं. ती पिढी आता थकली आणि त्यांची पोरं काही थापी धरत नाहीत.

आता सगळ्यांना कॉलम-स्लॅबच हवा. ठीक आहे, पण कुठल्याही चालू कामावर जाऊन कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगेचं टोक बघा. काटकोनात वाकवून सोडून दिलेलं. ते १३५ अंशात आत वळवायला पाहिजे, नाहीतर मोठ्या हादऱ्याला रिंग उघडते आणि उभ्या सळया मोकळ्या. त्यासाठी जादा खर्च जवळजवळ नाहीच, हाताला सवय हवी. तीच गत पाणी मारण्याची. हल्लीच्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल लागते. मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या वाडीत ती आणायची कुठून? कॉलमला गोणपाट गुंडाळा, स्लॅब ऊन उतरल्यावर टाका, थोड्या पाण्यात भागतं. पण हे कुणीतरी कामावर उभं राहून दाखवावं लागतं.

सरकारचं प्रशिक्षण नाही असं नाही. घरकुलाच्या प्रत्यक्ष कामावर ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण आहे. २०२३ पासून विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्रीला प्रशिक्षणात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार आहेत. माझं भांडण वेळापत्रकाशी आहे. दिवाळीनंतर आमची पोरं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्यावर, ऊसतोडीला. त्या दिवसांत बॅच लावली तर गावात उरतं कोण? म्हातारे आणि पुढाऱ्यांचे भाचे. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात. तिथून पेरणीपर्यंतचे दोन-अडीच महिने बांधकामाचेही तेच आणि शिकण्याचेही तेच. आणि विद्यावेतन आठवड्याच्या आठवड्याला हातात पडलं पाहिजे. चार महिन्यांनी खात्यावर येणाऱ्या पैशावर घर चालत नाही, मग पोरगं पुन्हा मुकादमाच्या दारात.

अजून एक, यावर शिव्या खाणार हे माहीत आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मग गवंडीकाम शिकायला एकटा नवराच का? बायका आयुष्यभर घमेली वाहतात, ओळंबा मात्र त्यांच्या हातात कुणी देत नाही. झारखंडात स्वच्छ भारतच्या काळात संडास बांधायला बायकांना हे काम शिकवलं, राणीमिस्त्री म्हणतात त्यांना. आमच्या पारावर हा विषय काढला तर अर्धे हसले. बाकीच्यांनी तंबाखू मळत विचारलं, "रोजी पण गवंड्याचीच देणार का?" खरा प्रश्न तोच आहे. उत्तर हो असलं पाहिजे. पाडव्यानंतरच्या बॅचची मागणी ग्रामसभेत ठराव करून पंचायत समितीला पाठवायची असं आमच्यात चाललंय. निम्म्या जागा बायकांना ठेवा, हे त्यात लिहून घ्यायला मी सांगितलंय. ज्यांच्या गावात असा ठराव आधी झाला असेल त्यांनी त्याची प्रत इनबॉक्सला टाका.