पोस्टरं पुरे, बिल लावा

आज एका कॉलेजात पोस्टर स्पर्धेची परीक्षक म्हणून जाऊन आले. विषय 'वीजवापर आणि कार्बन उत्सर्जन'. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच चालतं. भर दुपारी सगळे पडदे ओढलेले, सगळ्या ट्यूब चालू, चार एसी १८ वर. मुली ओढण्या गुंडाळून चित्रं काढतायत. समई मात्र पर्यावरणपूरक म्हणे, बॅटरीवरची!

एकीचं पोस्टर खरंच देखणं होतं. काळं धुराडं, खाली भेगाळलेली जमीन, कोपऱ्यात बर्फाच्या तुकड्यावर अस्वल. (हे अस्वल सगळ्यांच्याच पोस्टरवर. गोव्यातल्या पोरांना गवा का सुचत नाही?) मी विचारलं, "बाय, ह्या हॉलातली वीज येते कुठून?" ती हसून म्हणाली, "वीज खात्याकडल्यान येता मगे, मॅडम."

बरोबरच आहे तिचं. तिला दुसरं कोणी सांगितलंय काय? गोव्यात म्हणण्यासारखा आपला वीजप्रकल्प नाही. आपली बरीचशी वीज येते छत्तीसगडच्या कोरबाहून, मध्य प्रदेशच्या विंध्याचलहून, तेलंगणाच्या रामगुंडमहून. तिथे कोळसा जळतो, राख तिथल्या लोकांच्या अंगणात पडते, आणि हजारेक किलोमीटरवर आपण पडदे ओढून पर्यावरण वाचवतो. तिने काढलेलं धुराडं काल्पनिक नव्हतं हो, आपलंच होतं. फक्त आपल्या गावात नाही.

२०२० मध्ये मोलेच्या जंगलासाठी आपणच भांडलो ना? छत्तीसगडच्या तमनारहून येणाऱ्या विजेच्या लाइनीला विरोध केला, रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रात्रभर रुळांवर बसलो, 'गोंयांत कोळसो नाका' म्हणून घसे बसवले. मुरगावला उतरतो तो कोळसा मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी, तो विषय वेगळा, मान्य. पण गोंयांत नाका आणि कोरबात चलता, हे कसं काय? कोरबात माणसं राहत नाहीत?

कार्यक्रम संपल्यावर ऑफिसात सहज विचारलं, महिन्याचं लाइटबिल किती येतं? कारकुनाने असं पाहिलं, जणू मी त्याचा पगार विचारला. "कित्याक जाय तुमकां?" म्हणजे, कशाला हवंय तुम्हाला? प्राध्यापकांना ठाऊक नाही, विद्यार्थ्यांचा तर प्रश्नच नाही. जागृतीचा कार्यक्रम दरवर्षी होतो, आणि बिल फायलीत!

आपल्या देशात ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चार एसी, तीन तास, धरा २० युनिट. म्हणजे १४ किलो, एका पोस्टर स्पर्धेपायी. हे त्या मुलीला शिकवायला किती वेळ लागतो? मी तिथेच शिकवलं. तिने लगेच मोबाइलवर आकडेमोड केली आणि उठून रिमोट शोधायला लागली. रिमोट कुणाकडे, तर शिपायाकडे, आणि शिपाई जेवायला गेलेला!

ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी लागतो, हेही खरं. लावा की. २०२० पासून नवे एसी कंपनीतूनच २४ वर लावून येतात, तेवढ्यावर राहू द्या. साध्या पंख्याला ७५ वॅट लागतात, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरच्या पंख्याला ३० च्या आसपास. वर्गातले पंखे मोजा, मग बोला. कॉलेजच्या वापराने असा काय फरक पडतो म्हणणारेही भेटले. नसेल पडत मोठा. पण उद्या हीच पोरं ऑफिसं चालवणार आहेत, हॉटेलं चालवणार आहेत, आणि गोव्यात हॉटेलं किती ते मी सांगायला नको.

पोरांवर माझा मुळीच राग नाही. त्या मुलीला मी पहिला नंबर दिला, अस्वलासकट.

तर माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, फोंडा, म्हापसा, मडगाव, जिथे कुठे शिकवता तिथल्या नोटीस बोर्डावर दर महिन्याचं बिल लावा. युनिटचा आकडा लाल पेनाने गोल करा, शेजारी किलो लिहा. ऑफिसवाल्यांनी "कित्याक जाय?" विचारलं तर मला फोन करा. मी येते भांडायला.