प्राचीन माणसाला ‘स्वतःचा विचार’ करताच येत नव्हता? थोडा खुलासा

आमच्या दादरच्या ग्रुपवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय की कॉम्प्युटरने जुने ग्रंथ तपासले आणि सिद्ध झालं की ३००० वर्षांपूर्वीच्या माणसाला आत डोकावून बघणं जमतच नव्हतं. असं काही सिद्ध झालेलं नाहीये.

मूळ कल्पना ज्युलियन जेन्स या मानसशास्त्रज्ञाची, १९७६ ची, आणि ती गृहीतक म्हणूनच राहिलीय. २०१२ मध्ये काही संशोधकांनी ग्रीक-रोमन साहित्य आणि बायबल घेऊन, त्यातले शब्द ‘आत्मपरीक्षण’ या शब्दाच्या अर्थाने किती जवळचे आहेत ते मोजलं, काळानुसार ही जवळीक वाढत जाताना दिसली. काम खरंच सुंदर आहे. पण मोजलं गेलं ते लिखाण, मेंदू नाही, आणि तेही इंग्रजी भाषांतरातलं. युद्धाचं काव्य आणि पश्चात्तापाची कबुली यात फरक दिसणारच ना, आपल्याकडेही पोवाडा आणि अभंग शेजारी ठेवा, शब्द वेगळेच निघतील, माणसं तीच.

आणि ऋग्वेदातलं जुगाऱ्याचं सूक्त, १०.३४, वाचा हो एकदा. तो म्हणतो, आता नाही खेळणार यांच्याशी, मनाशी ठरवतो, आणि फासे वाजले की निघालाच तिकडे, घरी बायको दुःखात, आई दुःखात, त्याला सगळं कळतंय. मला तरी यापेक्षा प्रामाणिक आत्मपरीक्षण क्वचितच सापडलंय. नासदीय सूक्तातही (१०.१२९) कवी हृदयातच शोध घेतात.

तर फॉरवर्ड पुढे पाठवला असेल तर त्याखाली एवढं टाका, की बदल ग्रंथांच्या भाषेत दिसलाय, माणसाच्या क्षमतेत नाही.